पन्नास इंचांचं दार

चार इंचांच्या कुंपणावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला न गेलेले मी पाहिले आहेत. आमच्या काउंटीच्या जमीन-नोंदणी कार्यालयात मी चोवीस वर्षं खिडकीशी बसतो, त्यामुळे ‘चार इंच म्हणजे काय मोठंसं’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आणि ह्या उन्हाळ्यात मला स्वतःलाच चार इंच हवे झाले. जमिनीचे नव्हेत, माझ्या बायकोच्या क्वाडचे.

क्वाड म्हणजे चार फुगीर चाकांची मोटारसायकल. घोड्यावर बसल्यासारखं बसायचं, हँडल धरायचं आणि चिखलात उड्या मारायच्या. माझी बायको ग्वेन सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि एकोणीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवते. “साठ पोरं पाठीशी घेऊन ताशी पंचवीस मैलांनी एकोणीस वर्षं गेले,” ती म्हणाली, “आता एकदा मागं कुणी नसताना जोरात जायचंय.” आणि तिनं चुलतभावाकडून जुनी क्वाड घेतली. मी म्हणालो, “तुला आवडत असेल तर माझं काय जातंय.” कुठलाही नवरा हे वाक्य ज्या सुरात म्हणतो त्याच सुरात मी ते म्हणालो.

एप्रिलमध्ये शर्यतीच्या मैदानावर सरावाच्या दिवशी दुसऱ्याच वळणावर गाडी कलंडली. ग्वेनचं मनगट मोडलं. सहा आठवड्यांत हाड जुळलं, प्लास्टर निघालं, मे महिन्यात ती पुन्हा बसवर रुजू झाली. पण केसलर टेकडीच्या वळणावर आली की बस गोगलगाय व्हायची. पोरं शाळेत उशिरा पोचू लागली. एकदा तर तिनं वळणाच्या आधीच बस थांबवली आणि पोरांना म्हणाली, “एक मिनिट हं.” ते एक मिनिट अकरा मिनिटांचं झालं. हे मला बाहेरून कळलं नाही, तिनंच सांगितलं, बटाटे सोलता सोलता, माझ्याकडे न बघता. मग जूनमध्ये तिनं शाळेच्या स्वयंपाकघरातल्या जागेसाठी अर्ज केला. बसखात्याचे मुख्य मॅकनल्टी भला माणूस. ते म्हणाले, “ग्वेन, घाई नाही. शाळा उघडायच्या आधीच्या सोमवारी सांग, बस की स्वयंपाकघर.”

“त्याच्या आदल्या रविवारी नवशिक्या बायकांची शर्यत आहे,” ग्वेन मला म्हणाली. “तेवढी धावून बघते. जमली तर बस. नाही जमली तर हातात डाव घेते आणि मटार वाढते.”

मी मनात म्हटलं, हिच्या हातात डाव शोभणार नाही. तिच्या हातचं आम्ही दोघं बावीस वर्षं खातोय, त्यावरूनही हे मी अधिकारानं सांगू शकतो. पण खरं सांगायचं तर मला तिचं ते ‘एक मिनिट हं’ सहन होत नव्हतं. बर्फात, दाट धुक्यात, मागच्या सीटवर कुणी ओकलेलं असताना एका हातानं बस हाकणारी बाई ती.

गाडी का पडली याबद्दल गावात एकमत होतं, आणि आमच्या गावात एकमत ही दुर्मीळ गोष्ट आहे. गाडी अरुंद. कारखान्यातून निघाली तशीच, सेहेचाळीस इंच. शर्यतीत पन्नासपर्यंत चालतात आणि सगळे पन्नासच करून येतात. चाकं जितकी लांब-लांब तितकी गाडी जमिनीला धरून. खरा उपाय म्हणजे पुढे चाकं धरणारे लांब दांडे, धक्के झेलणारे नवे शॉक, मागे रुंद आस. त्या सगळ्याचा आकडा ऐकून मी आमच्या घराच्या गळक्या छपराकडे पाहिलं. दोन्हींचा खर्च तंतोतंत एक होता. तेव्हा गाडी स्वस्तात रुंद करायची असं मी ठरवलं, आणि तीही स्वतःच्या हातांनी.

इथे माझी पहिली चूक झाली. मी हे फायर हॉलमध्ये बोललो. आमच्याकडे अग्निशमनवाले शुक्रवारी तळलेला मासा विकतात आणि अख्खं गाव तिथे जेवतं. तिथे कुणी ‘माझ्या पाठीत चमक भरली’ म्हणालं तर जेवण संपेपर्यंत त्याच्या पाठीवर सोळा उपचार ठरलेले असतात. माझा मासा गार होईपर्यंत मला कळलं की दांडे कापून मधे पाइपचे तुकडे वेल्ड करावेत. की असं मुळीच करू नये, करणारा एकजण अजून कुबड्यांवर चालतो. की वायसरांची चळत लावावी. की बायकोला बोलिंग खेळायला लावावं.

“मूर्ख आहेत सगळे,” आमचे शेजारी नॉर्बर्ट हुडाक म्हणाले. हे सत्तरीचे, पोलाद कारखान्यात वेल्डर होते, निवृत्त झाले तरी वेल्डिंग सुटलेलं नाही. त्यांच्या अंगणात कुंपण, पाळणा, पत्रपेटी, पक्ष्यांचं घर, सगळं लोखंडी. “एमेट, पैसे खर्चूच नकोस. चाकं उलटी बसव. आतली बाजू बाहेर. झाली गाडी रुंद.”

“इतकं सोपं?”

“आम्ही एकोणीसशे ब्याऐंशी साली हेच करायचो.”

एकोणीसशे ब्याऐंशी साली ह्या लोकांनी काय काय केलं आणि त्यातून किती जण वाचले, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. मी घरी जाऊन पुढची चाकं उलटी बसवली. दिसायला झकास दिसत होती. ग्वेन बाजारात गेली होती, म्हणून मीच गाडीवर बसलो. सांगायला हरकत नाही, मी ह्याआधी क्वाडवर कधी बसलो नव्हतो. पहिल्या दहा फुटांतच चाकाची कड ब्रेकला घासून अशी किंचाळली की समोरच्या घरातलं कुत्रं पलंगाखाली गेलं, आणि ब्रेक लागायचा तिथे सगळंच लागलं, फक्त ब्रेक सोडून. गाडी हुडाकांच्या कुंपणातून आत शिरली. ते कुंपण लोखंडी आहे, पण फाटक उघडं होतं.

मिसेस हुडाकांनी अंगणात जुना बाथटब अर्धा जमिनीत उभा पुरून त्यात मेरीची मूर्ती बसवली आहे. आमच्याकडे बऱ्याच घरी असते. मी मेरीमातेसमोर हातभर अंतरावर थांबलो. कसा थांबलो ते मला माहीत नाही. मिसेस हुडाक दारात आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं, छातीवर क्रूस केला आणि म्हणाल्या, “एमेट, दर्शन घ्यायचंच होतं तर चालत यायचं.” त्या दिवसापासून त्या माझ्यासाठी तिथे मेणबत्ती लावतात. बाकीच्यांसाठी रविवारी लावतात. माझ्यासाठी रोज.

त्यानंतर मी नॉर्बर्टचं ऐकणं बंद केलं. ते माझ्या पुढच्या गोत्यांचं मूळ ठरलं. माणूस ज्या विषयात अडाणी असतो त्या विषयाबद्दल कुणाकडून तरी चुकीचा सल्ला मिळाला की तो एकदम स्वतःच्या अकलेवर विसंबतो.

तर स्पेसर. चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब, ह्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची दोन इंच जाडीची चकती घालायची. प्रत्येक बाजूला दोन इंच, म्हणजे एकूण चार इंच. छपराच्या हिशेबात बोलायचं तर चार-पाच कौलं. मी चार मागवल्या. आल्या. पुढे चपखल बसल्या, मागे बसेनात. कारण पुढच्या चाकांचे बोल्ट मोठ्या वर्तुळात असतात आणि मागच्यांचे लहान वर्तुळात. गाडी एक, मालक एक, चाकं चार, आणि बोल्टांची वर्तुळं दोन. हे ज्यानं ठरवलं त्याच्या जमिनीची नोंद माझ्या खिडकीवर कधी येते, ह्याची मी वाट बघतोय. मागच्या चकत्या शेवटी भंगारवाल्या लाइलकडे मिळाल्या. त्यानं त्या मला एका अटीवर दिल्या, की माझ्या हातून काही झालं तर त्या कुठून आणल्या हे सांगायचं नाही. म्हणून इथे मी भंगारवाल्याचं नाव बदलून लाइल ठेवलंय.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी सगळं बसवलं. गाडी जॅकवर होतीच, तेव्हाच मोजून घेतली. माझी ऑफिसातली पोलादी टेप. टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, मागे पन्नास, पुढे पन्नास. एक केस इकडे नाही, एक केस तिकडे नाही. मी तीनदा मोजलं, कागदावर लिहिलं, खाली तारीख टाकली. सही करण्याचा मोहही झाला.

नॉर्बर्ट फाटकाशी उभे होते. “एमेट, मोजताना एक—”

“नॉर्बर्ट,” मी म्हणालो, “वेल्डिंगचं तुम्ही मला सांगा. ब्याऐंशी सालचं सांगा. पण मोजण्याचं मला सांगू नका. मी चोवीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही.”

ते फाटकावरून वळून घरी गेले. सत्तरीच्या माणसाला असं बोलू नये. बोललो.

पुढचे दोन आठवडे मात्र सुखाचे गेले. हुडाकांच्या मागच्या पडीक रानात ग्वेन रोज संध्याकाळी गाडी फिरवायची. पहिल्या दिवशी वळणावर आली आणि तिचे खांदे आखडले. मी कुंपणाशी उभा होतो, मला दिसलं. दुसऱ्या दिवशी थोडे कमी. चौथ्या दिवशी ती वळण घेऊन माझ्या समोरून गेली तेव्हा हसत होती, आणि मला चिखल उडाला. तो शर्ट मी दोन दिवस धुवायला टाकला नाही. “बसली रे गाडी जमिनीला!” ती ओरडली. “खाटेसारखी बसलीय!” मी कुंपणाला धरून उभा होतो आणि मला फार बरं वाटत होतं. आपल्या हातांनी केलेल्या एखाद्या वस्तूवर आपलं माणूस विश्वासानं बसलंय, ह्यापेक्षा जास्त मला आयुष्यात काही हवं आहे असं त्या घटकेला वाटलं नाही.

शर्यतीचा रविवार उजाडला. मैदानावर पोचलो तर पहिला अडथळा कागदाचा. शर्यत भरवणाऱ्या क्लबाला ‘मोडतोड झाल्यास क्लब जबाबदार नाही’ असं लिहून द्यायचं आणि ती सही नोटरीसमोर करायची. मला हसू आलं. मी स्वतः नोटरी आहे, शिक्का माझ्या गाडीत असतो.

“बायकोच्या सहीवर नवऱ्याचा शिक्का चालत नाही,” टेबलामागची मुलगी म्हणाली.

हा नियम मला पाठ आहे. मी स्वतः तो कितीतरी नवऱ्यांना खिडकीतून वाचून दाखवलाय. फक्त तो ऐकताना कसा लागतो ते ठाऊक नव्हतं.

मैदानावर दुसरी नोटरी एकच होती, मिसेस पावलिक, बटाट्याच्या काचऱ्यांच्या टपरीवर. टपरी त्यांची, शिक्काही त्यांचा. त्यांनी मला पाहिलं आणि झारा खाली ठेवला. तीन वर्षांपूर्वी त्या आपल्या आईच्या घराचे कागद घेऊन आल्या होत्या. वरचा समास तीन इंचांचा लागतो, त्यांचा पावणेतीन होता. मी तीनदा परत पाठवलं होतं. त्यांनी आमचा कागद घेतला, उजेडात धरला, मग काउंटरखालून पट्टी काढली. रांगेत माझ्यामागे अकरा माणसं काचऱ्यांसाठी उभी होती. त्यांनी वरचा समास मोजला, खालचा मोजला, दोन्ही बाजूंचे मोजले.

“ठीक आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुमचा तीन आहे.”

“मिसेस पावलिक, त्या वेळी मी—”

“काचऱ्या घेणार?”

घेतल्या. मोठ्या घेतल्या. खारट होत्या, तक्रार केली नाही.

मग तपासणी. आमच्या क्लबात टेपबिप काही नसते. दोन लोखंडी खांब जमिनीत रोवलेत, वर आडवा पाइप. दोन खांबांच्या मधे पन्नास इंच आणि एक बोटभर सूट. त्याला सगळे ‘दार’ म्हणतात. गाडी दारातून पलीकडे गेली तर शर्यतीत, अडकली तर घरी. तपासनीस क्लाइड म्हणून आहे, हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून आमच्या इथे रस्त्यावर मीठ टाकणारा माणूस, सहा फूट चार इंच, बोलणं कमी.

“बस,” तो ग्वेनला म्हणाला.

“बस म्हणजे?” मी विचारलं.

“चालवणाऱ्यानं हेल्मेट घालून गाडीवर बसायचं. बाकीच्यांनी ढकलायचं.”

मला अजूनही काही कळलं नव्हतं. ग्वेन बसली. तिच्या वजनानं गाडीचा पुढचा भाग खाली दबला, आणि दबताना पुढची दोन्ही चाकं बाहेरच्या बाजूला सरकली. माझ्या डोळ्यांदेखत सरकली. पुढचे दांडे उतरते असतात, वजन पडलं की आडवे होतात; माणूस पाय पसरून बसतो तसे. आणि मी मोजलं तेव्हा गाडी जॅकवर होती, चाकं हवेत लोंबत होती. चोवीस वर्षांत मी मोजलेल्या कुठल्याही जमिनीवर कुणी बसलं म्हणून ती रुंद झाली नव्हती.

आम्ही ढकललं. पुढची चाकं दारात शिरली आणि बाटलीत बूच बसावं तशी बसली. पुढे जाईना, मागे येईना. मागे चौदा गाड्यांची रांग, सगळ्यांनी हॉर्न सुरू केले.

“उतर जरा,” क्लाइड म्हणाला.

ग्वेन उतरली. गाडी वर उचलली गेली आणि अलगद, आपणहून, दारातून पलीकडे गेली. लोक हसले.

“पुन्हा बस.”

बसली. अडकली. “ग्वेन उतरली की जाते!” रांगेतून कुणीतरी ओरडलं. ग्वेनचे कान लाल झाले. बाजूच्या बायकांनी तिला छातीचं कवच काढायला सांगितलं, बूट काढायला सांगितले, श्वास आत ओढायला सांगितला. श्वासानं गाडी अरुंद होत नाही हे मी समजावून सांगू लागलो तर एक बाई म्हणाली, “तुम्ही गप्प बसा, मोजलं कोणी होतं?”

“अजून अर्धा इंच,” क्लाइड म्हणाला. “आता उरलेले कपडे काढायला लागतील, आणि त्याबद्दल क्लबाचा वेगळा नियम आहे.”

मी खांबाकडे बोट दाखवून म्हणालो की हे दारच चुकीचं बसलं असेल, कोणी केलंय हे दार? गर्दीतून नॉर्बर्ट पुढे आले. ते आपल्या लोखंडी घडीच्या खुर्चीसकट शर्यत बघायला आले होते.

“मी केलंय,” ते म्हणाले. “तेच सांगत होतो तुला त्या दिवशी. माणूस बसवून मोज.”

“मग पुन्हा का नाही सांगितलंत?” एवढंच मी म्हणालो, आणि ते म्हणाले, “तू मोजणारा.” ते टोचून बोलले नाहीत. तसं बोलले असते तर बरं झालं असतं.

आम्ही गाडी बाजूला घेतली. शर्यतीला पंचवीस मिनिटं होती. ग्वेननं हातमोजे काढले.

“पुढच्या चकत्या काढ,” ती म्हणाली.

“काढल्या तर पुढे सेहेचाळीस.”

“हो.”

“मागे पन्नास, पुढे सेहेचाळीस. एप्रिलपेक्षा वाईट. वळणावर पुढचं चाक उचललं जाणार.”

“हो, एमेट.”

“आपण घरी जाऊ. ऑक्टोबरात पुन्हा शर्यत आहे. तोवर मी नीट करतो. छप्पर राहू दे, लांब दांडे आणतो.”

“उद्या सोमवार आहे.”

“मॅकनल्टींना मी सांगतो. ते ऐकतील. तू पडशील ग्वेन!”

हे मी जरा मोठ्यानं बोललो. आजूबाजूचे लोक आपापल्या गाड्यांच्या साखळ्या निरखू लागले. ग्वेन गाडीच्या सीटवर आडवी बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“मे महिन्यात रोज सकाळी,” ती म्हणाली, “बसच्या आरशात तुझी करडी गाडी दिसायची. केसलर टेकडी चढेपर्यंत माझ्यामागे.”

“मी ऑफिसला जात—”

“ऑफिस उलट्या दिशेला आहे.”

मी हातातला पान्हा उगाच पुसला.

“मला भीती वाटत होती, नाही म्हणत नाही. पण ती माझ्यापुरती होती. वळणावर आले की मी रस्ता बघायचे आणि मग आरसा बघायचे. आरशात तुझं तोंड. काचेतून एवढंसं दिसायचं, पण कळायचं. ज्या दिवशी मी बस थांबवली ना, त्या दिवशी तू मागे थांबलास आणि गाडीतून उतरून उभा राहिलास. पोरं मागच्या काचेतून तुला हात करत होती. अकरा मिनिटं मी कशाची वाट बघत होते? तू गाडीत परत बसायची.”

मी तिथे उतरलो होतो, हे मी आतापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं तिला माझा आधार वाटेल. बावीस वर्षांच्या संसारात माणसाला आपल्या चेहऱ्याचा उपयोग काय होतो आणि अपाय काय, हे कळायला हवं. मला ते एका मैदानात, पान्हा हातात धरून, चार अनोळखी बायकांसमोर कळलं. फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

“काढतोस की मी काढू?” ग्वेननं विचारलं.

मी काढल्या. एका चाकाचे चार नट बाहेर, त्याखाली चकतीचे चार, दोन्ही बाजू मिळून सोळा. मग चाकं पुन्हा बसवली, आठ नट आवळले. पुन्हा आवळले. तिसऱ्यांदा पान्हा लावला तेव्हा ग्वेननं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, “बस झालं रे.” गाडी पुन्हा दाराशी नेली. ग्वेन बसली, आणि पुढची चाकं दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं जागा सोडून, मागची जेमतेम, अशी गाडी पलीकडे गेली. कुणी हसलं नाही.

शर्यतीत नऊ बायका होत्या, पाच फेऱ्या. मी दुसऱ्या वळणाशी दोरीपाशी उभा राहिलो, कारण एप्रिलमध्ये ती तिथेच पडली होती आणि माझे पाय दुसरीकडे जाईनात. पण चेहऱ्याचं काय करायचं हे समजेना. शेवटी मी उरलेल्या काचऱ्या तोंडात भरल्या. तोंड भरलेलं असलं की माणसाचा चेहरा काळजीचा दिसत नाही, असा माझा अंदाज.

पहिल्या फेरीला ती सहावी होती. वळणावर पुढचं आतलं चाक उचललं गेलं, ती त्या बाजूला झुकली, चाक खाली आलं. दुसऱ्या फेरीला पाचवी. तिसऱ्या फेरीला चाक उचललं गेलं, ती झुकली, आणि ते खाली आलंच नाही. गाडी सावकाश, अगदी विचार करून कलंडावी तशी कलंडली. ग्वेन चिखलात, गाडी तिच्या पलीकडे आडवी.

मी दोरीखालून आत शिरलो होतो. कधी ते आठवत नाही. क्लाइड त्या वळणावर झेंड्यासाठी उभा होता. त्यानं मागून माझ्या पँटचे खांद्यावरचे पट्टे, गॅलस, धरले.

“बाहेरच्यानं हात लावला की ती बाद,” तो म्हणाला.

“तिचं मनगट—”

“हात लावला की बाद, एमेट.”

ग्वेन गुडघ्यावर उठली. दोन्ही हात हलवून पाहिले. मग हेल्मेटच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं असं मला वाटतं, पण दोन सेकंदांहून जास्त नसेल. मग ती गाडीकडे वळली. खांदा लावून ढकलली. अर्धी उठली, परत पडली. पुन्हा ढकलली. पुन्हा पडली. मागून उरलेल्या चारही गाड्या तिच्या बाजूनं निघून गेल्या. माझ्या तोंडातल्या काचऱ्या तशाच होत्या, त्या गिळायचंही सुचत नव्हतं. तिसऱ्यांदा तिनं सीटखाली हात घातले, एकोणीस वर्षं बसचं दार ओढणाऱ्या बाईच्या कमरेतून एक आवाज निघाला, आणि गाडी धपकन चार चाकांवर उभी राहिली. ती चढली. गाडी खोकली, धुरकटली, चालू झाली. पुढच्या वळणावर ती आणखी जोरात गेली, हे मी स्वतः पाहिलं.

ती नववी आली. पहिली आलेली मुलगी तिला एक फेरी ओलांडून गेली होती. क्लबानं सगळ्यांना एकेक बिल्ला दिला. ग्वेनच्या बिल्ल्यावर चिखल इतका होता की काय लिहिलंय ते दिसलं नाही. मिसेस हुडाक घरून मेणबत्ती घेऊन आल्या होत्या, ती वाऱ्यानं विझली म्हणून गाडी पडली असं त्यांनी मला समजावून सांगितलं. नॉर्बर्टची मी माफी मागितली. ते म्हणाले, “चाकं उलटी बसवायची कल्पना मात्र चांगली होती.” मी हो म्हणालो.

गाडी ट्रेलरवर चढवून आम्ही दोघं मागच्या फळीवर बसलो. ग्वेन बूट काढत होती. तिच्या डाव्या कोपराला मोठं खरचटलं होतं आणि ती त्याकडे बघतही नव्हती.

“मॅकनल्टींना उद्या सांगते,” ती म्हणाली. “मटार शिजवायला दुसरं कुणीतरी बघा म्हणावं.”

मी मान हलवली.

“पडले, तर फक्त पडले,” ती म्हणाली. मोजा उलटा करून त्यातला चिखल झटकला. “आणि तू आला नाहीस.”

“येणार होतो. क्लाइडनं मागून गॅलस धरले होते. रेडा आहे नुसता, हलू देईल तर शपथ.”

ग्वेननं मोजा खाली ठेवला.

“क्लाइड केव्हाच झेंडा दाखवायला पुढे गेला होता, एमेट. मागच्या गाड्या येत होत्या ना. मी बघत होते. तुला कुणीही धरलं नव्हतं.”

मैदानात पुढच्या शर्यतीच्या गाड्या दारातून एकेक करून पलीकडे जात होत्या.

“नव्हतं,” मी म्हणालो.